हरवलेल्या फाइलींचा शोध : साधने आणि त्यांची पारख

जबलपूर शहराच्या पूर्वेकडील रांझी ही मुख्यतः कामगारांची वस्ती म्हणून ओळखली जाते. जवळच खमरिया येथे १९४२ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला आणि १९६९ मध्ये वाहन निर्माण कारखाना सुरू झाला. गोकलपूर भागात १९४७ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. कारखान्यांतील नोकरीच्या निमित्ताने देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतील कुटुंबे येथे येऊन स्थिरावली. पूर्वी अशा घरांत महत्त्वाचे कागद पत्र्याच्या पेटीत जपून ठेवले जात. आज त्या पेटीच्या जोडीला संगणकाची डिस्क आली आहे. लग्नाची छायाचित्रे, निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, दुकानाचा हिशेब, मुलांची गुणपत्रके असे सारे काही तिच्यावर साठवलेले असते. पेटीला गंज चढला तरी तो डोळ्यांना दिसतो. डिस्कचा बिघाड मात्र बहुधा ती उघडेनाशी झाल्यावरच कळतो.

रांझीतील संगणक दुरुस्तीच्या एखाद्या दुकानात एकाच दिवशी तीन ग्राहक आले, असे समजू. पहिल्याच्या हातून कॅमेऱ्याच्या कार्डावरील लग्नाची छायाचित्रे चुकून पुसली गेली आहेत. दुसऱ्याची डिस्क जोडताच संगणक ती फॉरमॅट करण्याची परवानगी मागतो. तिसऱ्याच्या डिस्कमधून टक-टक असा आवाज येतो आणि तिच्यावरील काहीच दिसत नाही. तिघांची मागणी एकच आहे : “आमच्या फाइली परत मिळवून द्या.” तिघांचे दुखणे मात्र वेगवेगळे आहे. त्यामुळे “सर्वांत चांगले सॉफ्टवेअर कोणते?” या प्रश्नाला एकच उत्तर असू शकत नाही. आधी बिघाड ओळखावा आणि मग साधन निवडावे, हाच या विषयातील मुख्य धडा आहे.

१. फाइल पुसली म्हणजे नेमके काय होते?

एखाद्या ग्रंथालयाची कल्पना करावी. तेथे कपाटांत पुस्तके असतात आणि कोणते पुस्तक कोठे आहे हे सांगणारी सूची असते. डिस्कचीही रचना अशीच असते. तिची जागा लहान लहान खणांत विभागलेली असते. या खणांना सेक्टर म्हणतात. एका सेक्टरमध्ये ५१२ किंवा ४,०९६ बाइट मावतात. कोणती फाइल कोणत्या खणांत आहे याची नोंद एका वेगळ्या यादीत ठेवली जाते. यादी ठेवण्याच्या या पद्धतीला फाइल प्रणाली असे नाव आहे. फॅट आणि एनटीएफएस या तिच्या दोन परिचित पद्धती होत.

फाइल पुसण्याची आज्ञा दिली की साध्या हार्ड डिस्कवर किंवा कार्डावर फाइलमधील मजकूर लगेच नष्ट होत नाही. केवळ यादीतील नोंदीवर ‘ही जागा आता मोकळी आहे’ अशी खूण होते. सूचीतील पत्र काढले तरी पुस्तक कपाटातच राहते, तसाच हा प्रकार आहे. त्या जागी दुसरे पुस्तक ठेवले गेले की मात्र पहिले कायमचे जाते. म्हणून फाइल पुसली गेल्याचे लक्षात येताच त्या कार्डाचा किंवा डिस्कचा वापर ताबडतोब थांबवावा. पुसलेल्या छायाचित्रांच्या कार्डावर आणखी छायाचित्रे काढणे म्हणजे राहिलेली आशाही आपल्या हाताने मालवणे होय. फाइली शोधणारे सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर उतरवून घेतल्यानेही तोच अनर्थ ओढवतो.

२. पहिले काम : प्रत काढणे

दुखावलेल्या डिस्कवर प्रत्यक्ष उपचार करू नयेत. प्रथम तिची जशीच्या तशी प्रत काढावी आणि पुढील सर्व प्रयोग त्या प्रतीवर करावेत. प्रतीवर चूक झाली तर दुसरी प्रत काढता येते, मूळ डिस्कवर झालेली चूक मात्र सुधारता येत नाही.

नेहमीच्या पद्धतीने फाइली उचलून दुसरीकडे टाकणे म्हणजे अशी प्रत नव्हे. येथे पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत सर्व काही उतरवून घ्यावे लागते. रिकामी दिसणारी जागाही त्यात येते, कारण पुसलेल्या फाइली त्याच जागेत दडलेल्या असतात. युनिक्स प्रणालीतील ‘डीडी’ ही जुनी आज्ञा हे काम करते, परंतु वाचता न येणारा सेक्टर लागला की ती सामान्यतः तेथेच थांबते.

ही उणीव भरून काढण्यासाठी अंतोनिओ दियास दियास यांनी ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’ हे विनामूल्य साधन तयार केले. त्याची कार्यपद्धती एखाद्या अनुभवी शेतकऱ्यासारखी आहे. पाऊस तोंडावर आला असता शेतकरी आधी हाताशी असलेले पीक कापून घरात आणतो आणि अडचणीच्या बांधाकडे नंतर वळतो. डीडीरेस्क्यूही आधी डिस्कचा सहज वाचता येणारा भाग उतरवून घेते. अडलेल्या जागा ते तात्पुरत्या ओलांडते आणि शेवटी त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा वळते. मरणपंथाला लागलेली डिस्क किती वेळ टिकेल याचा भरवसा नसल्याने हा क्रम फार मोलाचा ठरतो. कोणता भाग वाचून झाला आणि कोणता राहिला याची नोंद ते एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवते. मध्येच वीज गेली तरी काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागत नाही.

या साधनाच्या मर्यादाही जाणून घ्याव्यात. आज्ञा अक्षरशः टंकून द्याव्या लागतात. मूळ डिस्क कोणती आणि प्रत कोठे घ्यायची यांची नावे उलटसुलट झाली, तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि सर्वस्व जाते. मूळ डिस्कइतकी किंवा तिच्याहून अधिक मोकळी जागाही हाताशी लागते. शिवाय हे साधन फाइली ओळखत नाही, ते फक्त प्रत काढते. फाइली शोधण्याचे काम इतर साधनांकडे सोपवावे लागते.

न्यायालयीन तपासातही हीच शिस्त पाळली जाते. सी-डॅक या भारतीय संस्थेच्या तिरुवनंतपुरम येथील केंद्राने तपास यंत्रणांसाठी ‘ट्रूबॅक’ आणि ‘सायबरचेक’ ही साधने विकसित केली. पहिले डिस्कची प्रत घेते आणि दुसरे त्या प्रतीचे विश्लेषण करते. प्रत मूळ डिस्कशी तंतोतंत जुळते हे दाखवण्यासाठी ‘हॅश’ नावाची संख्या काढली जाते. मजकुरातील एक अक्षर बदलले तरी ही संख्या बदलते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात संगणकीय पुराव्यासोबत द्यावयाच्या प्रमाणपत्रात हॅशची नोंद करण्याची तरतूद आहे.

३. यादीच्या आधारे शोध

प्रत हाती आली की शोध सुरू करता येतो. शोधाचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग उरलेल्या यादीच्या आधारे जाण्याचा आहे.

‘रिकुवा’ हे विंडोज प्रणालीवर चालणारे साधन २००७ मध्ये आले. ते पुसलेल्या नोंदी वाचून फाइलींची नावे दाखवते आणि प्रत्येक नावापुढे हिरवा, नारिंगी किंवा लाल ठिपका ठेवते. हिरव्या ठिपक्याची फाइल मिळण्याची शक्यता चांगली, नारिंगीची अंधुक आणि लाल ठिपक्याची जवळजवळ नाहीच, असा त्याचा अर्थ होतो. नवशिक्याला ते चटकन समजते. नुकत्याच पुसल्या गेलेल्या थोड्या फाइलींसाठी ते सोयीचे आहे. फाइल प्रणालीच मोडली असेल तर मात्र त्याची मजल फार जात नाही.

दुसऱ्या ग्राहकाच्या डिस्कला ‘टेस्टडिस्क’ अधिक उपयोगी पडते. क्रिस्तोफ ग्रेनिए यांनी तयार केलेले हे साधनही विनामूल्य आहे. संगणक फॉरमॅटची परवानगी मागतो तेव्हा पुष्कळदा फाइली जागच्या जागी असतात. डिस्कचे भाग कोठून कोठपर्यंत आहेत हे सांगणारा तक्ता किंवा विभागाचा आरंभीचा सेक्टर तेवढा बिघडलेला असतो. एनटीएफएस पद्धतीत या आरंभीच्या सेक्टरची एक राखीव प्रत विभागाच्या शेवटी ठेवलेली असते. टेस्टडिस्क ती राखीव प्रत शोधून तिच्यावरून मूळ नोंद दुरुस्त करू शकते. असे झाले तर फाइली आपापल्या नावांसह आणि फोल्डरांसह जशाच्या तशा दिसू लागतात. याच कारणाने फॉरमॅटच्या प्रश्नाला घाईघाईने होकार देऊ नये.

टेस्टडिस्कचा पडदा काळा असतो आणि माउसऐवजी कळफलकाने काम करावे लागते. त्यातील ‘लिहा’ ही आज्ञा डिस्कवर बदल करते, म्हणून ती प्रतीवरच वापरावी. काही न लिहिता नुसत्या फाइली पाहून त्या दुसरीकडे उतरवून घेण्याची सोयही त्यात आहे. नवशिक्याने तिचाच अवलंब करणे हिताचे असते.

येथे ‘चेकडिस्क’विषयी सावध राहावे. विंडोजमधील हे साधन फाइल प्रणालीतील विसंगती दूर करण्यासाठी आहे. हरवलेल्या फाइली वाचवणे हा त्याचा हेतू नाही. यादी सुसंगत करण्याच्या प्रयत्नात ते अर्धवट नोंदी काढून टाकू शकते, किंवा सुटे तुकडे क्रमांकाच्या नावाने एका फोल्डरमध्ये ठेवू शकते. निरोगी डिस्कवर ते उपयोगाचे आहे. दुखावलेल्या डिस्कवर ते प्रथम चालवणे म्हणजे मोडलेल्या हाताला मालीश करण्यासारखे आहे.

४. यादीविना शोध

यादी पार नष्ट झाली असेल तर दुसरा मार्ग उरतो. सूचिपत्र जळाले तर ग्रंथपालाला प्रत्येक पुस्तकाचे पहिले पान उघडून पाहावे लागेल. ‘फोटोरेक’ हे साधन नेमके हेच करते. तेही ग्रेनिए यांचेच असून टेस्टडिस्कसोबतच मिळते. फाइलींच्या अनेक प्रकारांना आरंभीची ठरावीक खूण असते. पीडीएफ फाइलच्या सुरुवातीच्या खुणेत ‘पीडीएफ’ ही तीन रोमन अक्षरे असतात. झिप फाइल ‘पीके’ या अक्षरांनी सुरू होते. झिप पद्धतीचे जनक फिल कॅट्झ यांच्या नावाची ती आद्याक्षरे होत. वर्डची नवी फाइलही मुळात झिपच असल्याने तिची सुरुवातही अशीच असते. फोटोरेक अशा शेकडो प्रकारच्या खुणा ओळखते आणि सर्व सेक्टर धुंडाळून फाइली गोळा करते. नाव फोटोंचे असले तरी ते केवळ छायाचित्रांपुरते मर्यादित नाही.

या पद्धतीची किंमतही मोजावी लागते. फाइलींची नावे आणि फोल्डर यादीतच असल्याने ते बहुधा परत येत नाहीत. हजारो फाइली निव्वळ क्रमांकांच्या नावांनी समोर येतात आणि त्या निवडण्यात दिवसच्या दिवस जातात. दुसरी अडचण तुकड्यांची असते. फाइल एका सलग जागेत असेल तर ती सहज सापडते. तिचे तुकडे डिस्कभर विखुरलेले असतील तर पहिला तुकडा मिळतो आणि बाकीचे हरवतात. पहिल्या ग्राहकाच्या बाबतीत येथे एक दिलासा आहे. रिकाम्या कार्डावर एकामागून एक काढलेली छायाचित्रे बहुधा सलग साठवली जातात, त्यामुळे ती परत मिळण्याची शक्यता चांगली असते. वर्षानुवर्षे भर पडत गेलेली हिशेबाची मोठी फाइल मात्र तुकड्यांत विभागली जाण्याचा संभव अधिक असतो.

विकत मिळणारी साधने हे दोन्ही मार्ग एकाच खिडकीत उपलब्ध करून देतात. १९९३ मध्ये स्थापन झालेली ‘स्टेलर’ ही भारतीय कंपनी या क्षेत्रात परिचित आहे. अशी साधने पुष्कळदा शोध विनामूल्य करू देतात आणि सापडलेली फाइल पडद्यावर दाखवतात. फाइली साठवून घेण्यासाठी मात्र पैसे आकारतात. पैसे भरण्यापूर्वी त्या पूर्वदर्शनाचा पुरेपूर उपयोग करावा. नुसते नाव दिसणे म्हणजे फाइल मिळणे नव्हे. छायाचित्र संपूर्ण उघडते का आणि मजकूर शेवटपर्यंत वाचता येतो का, हे पाहूनच निर्णय घ्यावा.

५. मराठी मजकुराची विशेष अडचण

मराठी घरांत आणखी एक प्रसंग उद्भवतो. जुन्या डिस्कवर आजोबांच्या आठवणी किंवा एखाद्या मंडळाची स्मरणिका टंकलेली असते. फाइल परत मिळते, परंतु उघडताच पडद्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हांचा अर्थहीन पसारा दिसतो. फाइल सडली असे समजून ती टाकून देण्याचा मोह येथे होतो. तो टाळावा.

युनिकोड ही सर्व लिप्यांना सामावणारी पद्धत रूढ होण्यापूर्वी मराठी टंकलेखनासाठी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक कंपनीचे ‘श्री-लिपी’ किंवा सी-डॅकचे ‘आयएसएम’ यांसारखी साधने वापरली जात. अशा फॉन्टांमध्ये मजकूर रोमन अक्षरांच्या जागांवर साठवला जाई आणि फॉन्ट त्यावर देवनागरीचा साज चढवी. फॉन्ट नसला की साज उतरतो आणि आतील सांकेतिक अक्षरे तेवढी दिसतात. तोच फॉन्ट पुन्हा बसवला, किंवा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे साधन वापरले, तर हरवलेली वाटणारी पाने पुन्हा मराठीत वाचता येतात. म्हणून जुन्या डिस्कचा शोध घेताना तिच्यावरील फॉन्टच्या फाइलीही जपून ठेवाव्यात.

६. तुलना कशी करावी?

साधनांची पारख जाहिरातीवरून करण्याऐवजी प्रयोगाने करावी. एका पेनड्राइव्हवर छायाचित्रे, पीडीएफ आणि मराठी मजकूर अशा मिळून शंभर फाइली ठेवाव्यात. त्यांची यादी आणि प्रत्येकीचा हॅश लिहून घ्यावा. मग त्यांतील काही पुसून पेनड्राइव्हची प्रत काढावी आणि प्रत्येक साधन त्याच एका प्रतीवर चालवावे. सर्वांची परीक्षा एकाच प्रश्नपत्रिकेवर झाली तरच गुणांची तुलना न्याय्य ठरते. अमेरिकेतील ‘निस्ट’ ही मानक संस्थाही न्यायवैद्यक साधने अशाच ज्ञात सामग्रीवर तपासून पाहते.

गुण देताना पुढील प्रश्न विचारावेत. किती फाइली परत आल्या, आणि त्यांपैकी हॅश जुळणाऱ्या किती? नावे व फोल्डर टिकले का? मोडक्या फाइलीही चांगल्या म्हणून दाखवल्या गेल्या का? वेळ किती लागला? साधनाने मूळ सामग्रीत काही बदल केला का? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल, तर इतर सर्व गुण व्यर्थ समजावेत.

७. सॉफ्टवेअरची हद्द

तिसऱ्या ग्राहकाची डिस्क अजून बाकी आहे. हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेत असतात. त्यांच्यावरून वाचणारे टोक केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतरावर तरंगते. टक-टक असा आवाज येत असेल तर या टोकाला किंवा त्याच्या यंत्रणेला इजा झालेली असण्याचा संभव मोठा असतो. अशा वेळी कोणतेही सॉफ्टवेअर चालवत राहिल्यास टोक तबकडीवर घासून चुंबकीय लेपच खरवडला जाऊ शकतो. डिस्क तत्काळ बंद करावी. ती घरी उघडू नये, कारण त्या सूक्ष्म अंतराच्या तुलनेत धुळीचा कणही डोंगराएवढा असतो. हे काम धूळविरहित कक्ष असलेल्या प्रयोगशाळेचे आहे आणि ते खर्चाचे असते.

अशी प्रयोगशाळा काय करू शकते याचे उदाहरण कोलंबिया अंतराळयानाने दिले आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी पृथ्वीवर परतताना हे यान विखंडित झाले आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. अवशेषांत एक होरपळलेली हार्ड डिस्क सापडली. तिच्यावर झेनॉन वायूविषयीच्या प्रयोगाची माहिती होती. क्रोल ऑनट्रॅक या कंपनीच्या तंत्रज्ञांनी तबकड्या स्वच्छ करून दुसऱ्या यंत्रात बसवल्या आणि सुमारे ९९ टक्के माहिती परत मिळवली. यानावरील संगणक जुन्या डॉस प्रणालीवर चालत होता आणि माहिती डिस्कवर विखुरलेली नव्हती, याचाही लाभ झाला. त्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले.

तथापि प्रयोगशाळेलाही मर्यादा आहेत. नव्या संगणकांतील एसएसडी प्रकारच्या डिस्कमध्ये फिरणारा भाग नसतो. त्यांत फाइल पुसताच ‘ट्रिम’ नावाची आज्ञा जाते आणि मोकळी जागा डिस्क स्वतःच साफ करून टाकते. त्यानंतर पुसलेली फाइल परत मिळण्याची आशा सहसा उरत नाही.

म्हणून सर्व साधनांची तुलना केल्यानंतर शेवटी एक जुनीच गोष्ट उरते : मौल्यवान फाइलीची दुसरी प्रत वेळीच काढून ठेवावी आणि ती दुसऱ्या ठिकाणी असावी. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूरला भूकंपाचा तीव्र धक्का बसला होता. एकाच कपाटात ठेवलेल्या दोन प्रती अशा एकाच आघातात जाऊ शकतात. एक प्रत रांझीच्या घरी आणि दुसरी नागपूरच्या नातेवाइकांकडे असेल, तर यांपैकी कोणतेही साधन वापरण्याची वेळ बहुधा येणार नाही.

पाठगत प्रश्न

१. फाइल पुसल्यानंतर डिस्कचा वापर लगेच का थांबवावा?
२. टेस्टडिस्क आणि फोटोरेक यांच्या शोधपद्धतींतील फरक ग्रंथालयाच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
३. परत मिळालेल्या मराठी फाइलीत रोमन अक्षरे दिसल्यास काय करावे?
४. पाठातील तिन्ही ग्राहकांना तुम्ही कोणता सल्ला द्याल? प्रत्येकाचे कारण लिहा.